मोराच्या पिसाऱ्यातल्या गुंजा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात लेकी माहेरी येतात. त्या वर्षी मला बोदवडला, माझ्या माहेरी, पाठवलं नाही. सासूबाई म्हणाल्या, आमची लेक साक्रीकडून येणार, घरात हाताखाली कोणी नको का? दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी चौदा वर्षांची होते. जामनेरला सासरी येऊन वर्ष झालं होतं.

मी चौथीपर्यंत शिकले. शाळेत बाईंनी चिकटवही करायला शिकवलं होतं, ती वही मी हट्टाने सासरी आणली होती. दुपारी बायका आखाजीच्या झोक्यावर गेल्या की मी ती काढत असे. तेव्हा मोराचं पान चाललं होतं. सगळ्यात खाली कापडाच्या ताग्यावरचा मोराचा छापील कागद. त्यावर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद, पिसांच्या आकाराने कापलेला. त्यावर फाटक्या शेल्याची जर, जरीवर टिकल्या. आणि वर प्रत्येक पिसाच्या डोळ्याला एकेक गुंज. शेजारच्या सोनाराने सोनं तोलायच्या वजनातून बाद झालेल्या मूठभर दिल्या होत्या. थर इतके चढले होते की वही मिटत नव्हती. गुंजेचं टरफल गुळगुळीत, त्याला बाभळीचा डिंक धरत नाही, हे मला कळायला हवं होतं. मी उलट डिंक आणखी थापला, वही वाळायला ओसरीवर उघडी ठेवली आणि पाण्याला गेले.

परत आले तर नणंदेची दीड वर्षाची मुलगी पानावरचा डिंक चाटत बसली होती. अकरा गुंजांपैकी सात राहिल्या होत्या. तिच्या तोंडात बोट घातलं, काही नव्हतं. सगळी ओसरी हाताने चाचपली. एकही सापडली नाही.

गुंज वाटून सुईला लावून टोचली की बैल मरतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि नणंदेचं हे तिसरं मूल. आधीची दोन गेली होती.

मी वही कोठीमागे सरकवली आणि कोणाला काही बोलले नाही. पोरगी मरेल याची भीती होतीच, पण त्याहून जास्त भीती माझं काय होईल याची होती. आता या वयात खोटं कशाला लिहू?

संध्याकाळभर मी पोरीला कडेवरून उतरवलं नाही. सारखी तिच्या पोटावर हात ठेवून बघत होते. सासूबाई म्हणाल्या, "आज पोरवर भलती माया उतू चालनी व तुनी!"

"तिले बी आते पोर हवं शे, माय," नणंद म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले.

सकाळी पोर परसात बसली, तेव्हा "मी धुते, अक्का" म्हणून मीच पुढे झाले. काडीने उकरून पाहिलं. तीन गुंजा निघाल्या, लाल-काळ्या, अख्ख्या. टरफलाला ओरखडासुद्धा नव्हता. चौथी नव्हती. ती चावली गेली असेल का, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. भाकरी थापताना हात भाजला तेही उशिरा कळलं. दुपारी पोर जेवली नाही. अंग जरा तापलेलं लागलं.

दुसऱ्या दिवशी नणंद निघणार होती. साक्री म्हणजे आधी बैलगाडी, मग आगगाडी, मग पुन्हा बैलगाडी. वाटेत पोरीला काही झालं तर कशाने झालं हेही तिला कळलं नसतं. संध्याकाळी ती बोचकं बांधत होती तिथे मी गेले.

"अक्का, पोरीने गुंजा गिळल्या. काल. चार."

"चावी खाद्यात का तश्याच गिळ्यात?"

"तीन तशाच पडल्या. चौथी नाही."

तिने अशी थोबाडीत मारली की माझा कान वाजत राहिला. "एक दिवस! एक दिवस तू तोंड शिवी बसनी!"

वैद्य आले. टरफल फुटलं नसेल तर काही होत नाही, म्हणाले, आणि फुटलं असेल तर काय, ते बोलले नाहीत. केळं कुस्करून चारा आणि वाट बघा, एवढंच सांगितलं. नणंदेचं जाणं राहिलं. रात्रभर ती पोरीच्या छातीवर हात ठेवून बसली होती. मला जवळ येऊ दिलं नाही. घरात माझ्याशी कोणी बोलत नव्हतं, आणि मला तेच बरं वाटत होतं.

त्यानंतरच्या दुसऱ्या सकाळी नणंद परसातून आली आणि पळसाचं पान माझ्यापुढे धरलं. पानावर धुतलेली चौथी गुंज होती. अख्खी.

"ही घे तुनी," ती म्हणाली.

मी पान हातात घेतलं. ती पाहत उभी राहिली, मग आत गेली.

निघताना नणंदेला गाडीत चढता यावं म्हणून मी पोरीला घ्यायला हात पुढे केले. तिने मला वळसा घालून पोर सासूबाईंकडे दिली. पुढे कितीतरी आखाज्यांना ती आली, पण पोरगी माझ्या हातात दिली नाही. मला त्याचा राग आला नाही. मी तिच्या जागी असते तर मीही दिली नसती.