वाऱ्याचं माप घेणारे करीमभाई

करीमभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं. फोनवर त्यांची मुलगी नसरीन होती. "काका, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. शेजारच्या शटरला महिनाभर कुलूप होतं, तरी माझी नजर आधी तिकडंच गेली... महागावच्या बाजारात माझं बी-बियाण्याचं दुकान आणि त्याला लागून त्यांचं टेलरिंगचं. मधली भिंत इतकी पातळ, की त्यांची मशीन सुरू झाली की माझ्या काउंटरवरच्या कपातला चहा थरथरायचा. बावीस वर्षं आम्ही असे शेजारी होतो. गावानं त्यांना चांगला टेलर म्हणून ओळखलं. मी मात्र या माणसाला वाऱ्याचं माप घेताना पाहिलं आहे, आणि ते पाहिल्यापासून त्यांच्याबद्दलचं माझं आश्चर्य काही केल्या ओसरत नाही.

नसरीन तेव्हा अमरावतीला शिकत होती. सुट्टीत आली असताना तिनं मोबाइलवर एका नावेचा नकाशा बापाला दाखवला, सहज, गंमत म्हणून. बारा फुटांची उघडी नाव. वर छप्पर नाही, मागं इंजिन नाही. प्लायवूडचा सांगाडा, एक डोलकाठी, एक शीड आणि पोटातल्या फटीतून खाली पाण्यात सोडायची एक फळी. करीमभाईंची पाण्याशी ओळख लहानपणी विहिरीत पोहले तेवढीच. पण नकाशावरची मापं पाहून त्यांचे डोळे चमकले. "गजाभाऊ, फूट आन् इंच! हे तं आपल्याच टेपातलं हाये." मी म्हणालो, "महागावात नाव? कापसाच्या गंजीवर चालवता काय?" ते नुसते हसले. गळ्यातला टेप काढून त्यांनी हवेतच बारा फूट मोजले, आणि तो हिवाळाभर त्यांच्या घरामागं रंध्याचा आवाज येत राहिला.

नाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आम्ही पैनगंगेवरच्या धरणावर नेली. सोबतीला माझी निवड झाली ती काही माझ्या हुशारीमुळं नव्हे. "तुझं वजन कामाचं हाये," करीमभाईंनी स्पष्टच सांगितलं. वारा शिडाला ढकलतो, नाव एका अंगावर कलते, तेव्हा नावेच्या दुसऱ्या काठावर कुणीतरी बसून तिला सरळ ठेवावं लागतं. म्हणजे मी त्या नावेतलं सरकतं पोतं. खताच्या पोत्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला याहून योग्य जागा कोणती मिळणार! वारा पश्चिमेचा होता, आमचाही काठ पश्चिमेचा. शीड उघडलं आणि नाव अशी सुटली, की मी टोपी धरू की काठ धरू, मला कळेना. पंधरा मिनिटांत आम्ही समोरच्या काठाला. करीमभाई लहान मुलासारखे ओरडत होते. मग आम्ही परत फिरलो... आणि तिथं सगळी गंमत संपली. नावेचं तोंड आमच्या काठाकडं, पण नाव खेकड्यासारखी आडवी सरकत परत त्याच पलीकडच्या काठाला लागायची. दहा वेळा केलं, दहा वेळा तेच. शेवटी किसन नावाच्या मासेमाराला दया आली. त्याच्या इंजिनाच्या नावेला बांधून त्यानं आम्हाला ओढत आणलं. दोरी सोडताना म्हणाला, "करीमभाई, जायले तं थर्माकोलचा तुकडाबी जाते. वापस येईन तेच खरी नाव."

हे वाक्य करीमभाईंना लागलं. नंतरचे पंधरा दिवस ते मान खाली घालून शिवत राहिले. मशीन चालायची, चहा थरथरायचा, पण भिंतीपलीकडून माझ्या नावानं हाक येईना. मला वाटलं, झालं, आता त्या नावेत कोंबड्या बसणार. मग एका दुपारी भिंतीवर जोरात थाप पडली. मी धावत गेलो, तर हे एका कुर्त्याची बाही हातात धरून उभे. "पाह्य गजाभाऊ, बाही वरून गोल काहून कापतो आपण? सपाट कापली तं खांद्याले जागाच नाई भेटत. आन् मी शीड कसं शिवलं? ताडपत्रीसारखं!" खरंच होतं ते. दर हंगामात सोयाबीनच्या ढिगांसाठी ते ताडपत्र्या शिवून द्यायचे. हाताला तेच वळण पडलेलं. शीडही त्यांनी उरलेल्या ताडपत्रीचंच, सपाट, चारी कडा सरळ शिवून टाकलं होतं. "ढीग झाकायले सपाट चालते. पण हवेलेबी अंग असते, भाऊ. तिच्या अंगाचं माप नाई घेतलं मी." असं म्हणून ते खाली बसले आणि कपाळाला हात लावून हसत सुटले.

नवं शीड जाड्याभरड्या मांजरपाटाचं होतं. उभ्या पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीची कड जरा गोलाईत कापून दुसरीला जोडलेली. जमिनीवर पसरलं तर ते सपाट बसेना, मध्ये फुगून राही. गिऱ्हाईकाला ट्रायलला बोलवावं तसं ते त्याला धरणावर नेत. भर पाण्यात, नाव कललेली असताना, एका हातानं शिडाची दोरी धरून दुसऱ्या हातानं ते कापडावर खडूनं खुणा करीत. मी जीव मुठीत धरून नावेच्या काठावर ओणवा, आणि हे म्हणतात, "इथं जरा ढिल्लं होऊन राह्यलं. अर्धा इंच दाबतो." घरी जाऊन उसवायचं, पुन्हा शिवायचं, पुन्हा धरण. शिडाच्या दोन्ही अंगांना त्यांनी लाल दोऱ्याचा एकेक तुकडा टाचला होता. दोन्ही दोरे सरळ मागं वाहू लागले की शीड अंगाला बसलं असं समजायचं. एक जरी लोंबला किंवा भिरभिरला, तरी काहीतरी चुकतंय. "हवा आपल्याले दिसत नाई. दोऱ्याले दिसते," ते म्हणायचे.

चौथ्या ट्रायलला दोन्ही दोरे सरळ झाले. तो क्षण मी कसा सांगू? समोरून वारा तोंडावर येत होता, आणि नाव त्याच वाऱ्याच्या जोरावर त्याच्याकडंच चढत होती... सरळ नाही, तिरपी. थोडं उजवीकडं, मग वळून थोडं डावीकडं, शिवणीचे टाके पडावेत तशी. खाली सोडलेली फळी तिला आडवं घसरू देत नव्हती. काठाशी पाणी उथळ झालं, बुडालेल्या बाभळींचे खुंट आले, की करीमभाई फळी वर ओढून घेत आणि नाव त्यांच्यावरून अलगद सरके. वाऱ्याचा झोत आला तर भांडायचं नाही, दोरी हातभर सोडायची. नाव मान हलवल्यासारखी करून पुन्हा सरळ. सात वळणांत आम्ही आमच्या काठाला लागलो, ना वल्हं, ना इंजिन. किसन जाळं हातात धरून नुसता बघत राहिला. मला रडू आलं. इयत्ता नववीत शाळा सोडलेल्या माणसानं न दिसणाऱ्या गोष्टीचं माप घेतलं होतं, आणि ते अर्ध्या इंचानंही चुकलं नव्हतं.

प्रत्येक वळणाला ते एकच हुकूम सोडत, "सरक, गजाभाऊ!" शिडाचा आडवा बांबू डोक्यावरून जाई, मी वाकून नावेच्या दुसऱ्या काठावर जाऊन बसे. एकदा वाकलो नाही. कपाळावर आलेलं टेंगूळ पाहून बायकोनं विचारलं, तर करीमभाईच म्हणाले, "काही नाई वहिनी, माप घेतलं." नंतरची सहा वर्षं, बाजार बंद असेल त्या दिवशी, आम्ही धरणावर. सुकाण्याचा दांडा त्यांनी मला तीनदा देऊ केला, तिन्ही वेळा मी म्हणालो, पुढच्या वेळी. खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. सरकणं सोपं होतं, कधी सरकायचं ते ठरवणं अवघड.

शेवटचे भेटलो तेव्हा ते अंथरुणावर होते. बोटं चादरीच्या कडेवरून फिरत होती, शिवण तपासावी तशी. म्हणाले, "किसन नाव मागून राह्यला. फळीची फट बुजवून इंजिन लावतो म्हणते. त्याचंबी खरं हाये, पडून सडण्यापरीस बरं. पण तू एक डाव एकटा घेऊन जा." मी म्हटलं, तुम्ही बरे व्हा, मग जाऊ. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "जाऊ नोको नुसता. वापस ये."

मृत्यूनंतरचा चाळिसावा झाल्यावर नसरीननं विचारलं, "काका, किसनभाऊले काय सांगू? चालवणारा असंन तं राहू द्या म्हणते मी. नसंन तं..." मी रविवारपर्यंतची मुदत मागितली आणि घरी येऊन दोन रात्री झोपलो नाही. इंजिन बसलं असतं तर नाव राहिली असती, पण करीमभाईंनी जे शोधलं होतं ते त्या बुजवलेल्या फटीत कायमचं गेलं असतं.

रविवारी सकाळी वारा पश्चिमेचाच होता. किसन काठावर जाळं दुरुस्त करत बसला होता. मी एकटा गेलो, समोरच्या काठाला लागलो आणि परत फिरलो. सुकाण्याचा दांडा आता माझ्याच हातात होता. एक दोरा लोंबू लागला. दोरी जरा ओढली... दोन्ही सरळ झाले. पहिलं वळण, दुसरं, तिसऱ्याला नाव वाऱ्यात तोंड घालून अडकली, मागं घसरली, मग पुन्हा वारा धरून चालू लागली. सातच्या जागी अकरा वळणं लागली. पण आमचा काठ आला, आणि वाळूला नावेचं नाक घासल्याचा आवाज मी कानांनी ऐकला.

किसन उठून आला आणि नाव वर ओढायला हात लावला. शिडावर खडूच्या जुन्या खुणा अजून पुसट दिसतात. त्यावरून त्यानं एकदा हात फिरवला. मग माझ्याकडं पाहून हळूच विचारलं, "गजाभाऊ, एक सांगा. नावेत तं तुम्ही एकलेच होते. मंग दर वळणाले 'सरक, गजाभाऊ' म्हणून कोन वरडून राह्यलं होतं?"