सुनंदाने नाकारलेला शब्द

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा लाखनीच्या हायवेवर, माझ्या जुन्या टायरांच्या दुकानात, मी एका ट्रकवाल्याशी भाव करत होतो. आयुष्यात पहिल्यांदा सौदा अर्धा टाकून उठलो… साध्या तापाचं निमित्त झालं आणि माझी धाकटी बहीण गेली.

मी दहावी नापास, ती स्पॅनिश शिकलेली. करडी गावातल्या आमच्या घरी बसून भाषांतरं करायची. लोक टोमणा मारायचे, "भंडाऱ्यात स्पॅनिश कोण बोलते, बाई?" ती म्हणायची, "मी आहो ना."

शेवटचं काम पुण्याच्या एका प्रकाशकाचं होतं, आमच्याकडच्या मंडईवरचं मराठी पुस्तक स्पॅनिशमध्ये करायचं. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या या जत्रेत दोन गावांच्या दंडारी, म्हणजे नाचगाण्याचे संच, समोरासमोर उभे राहून रात्र जागवतात. 'दंडारी स्पर्धा करतात' या वाक्यावर ती अडली. मी वैतागलो. एका शब्दापायी इतकं अडून बसलो असतो तर माझं दुकान कधीच बुडालं असतं.

एक दिवस ती दुकानातच आली. "भाऊ, समोरच्या टायरवाल्यासंग तू काय करून राहिला?"

"त्याचं गिऱ्हाईक पळवून राहिलो."

"अन् दंडारवाले?"

"ते कायले पळवतीन? यायनं एक गाणं म्हटलं का ते त्याहून चढ म्हणतेत. सकाळी संगं चहा पितेत."

"जिंकते कोण?"

"जिंकाले तिथं ठेवलं काय आहे?"

ती हसली. म्हणाली, तुझ्या धंद्याला 'कोम्पेतिर' चालेल, एकच वस्तू दोघांना हवी असते. 'कोन्कुर्सार' म्हणजे नाव नोंदवून, परीक्षकापुढे, बक्षिसासाठी उतरणं. आणि 'रिवालिसार' म्हणजे एकमेकांच्या तोडीस तोड ठरणं. तिनं तो शेवटचा घेतला.

प्रकाशकानं परस्पर 'कोन्कुर्सार' केला. बक्षिसाची गोष्ट परदेशात लवकर समजते म्हणे. तिनं माझ्यासमोर फोनवर सांगितलं, "तो शब्द ठेवायचा असेल तर माझं नाव काढा." ते हो म्हणाले.

आणि ती गेल्यावर पुस्तकाची नमुना प्रत घरी आली. शब्द त्यांचा, खाली नाव तिचं, वर आदरांजली. जिवंतपणी कबूल केलेलं, ते माणूस मेल्यावर फिरवायचं? असा व्यवहार आमच्या भंगारबाजारातही कोणी करत नाही. मी पुणं गाठलं. तिथल्या साहेबांनी विचारलं, "तुम्हाला स्पॅनिश येतं का?"

"नाही. दिलेला शब्द पाळता येतो."

शब्द बदलायला ते तयार झाले नाहीत. मग नाव काढायला लावलं आणि ते निघेपर्यंत खुर्ची सोडली नाही. नातेवाईक म्हणतात, पोरीचं नाव एकदाच कुठं छापलं गेलं होतं, तेही यानं घालवलं. म्हणू देत. तिची अट मोडायचा सौदा मी करणार नव्हतो.

पुस्तक आता तिच्या टेबलावर असतं. आई त्यावरची धूळ पुसते आणि विचारते, "यात आपल्या सुनंदाचं काय आहे रे?" त्या भाषेतला मला एवढा एकच शब्द ओळखू येतो. पान उघडून मी त्यावर बोट ठेवतो…

"हा तिचा नाही, आई. बाकी सगळं तिचं आहे."