चुकली म्हणालो

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी भाजीत मीठ जास्त झालं तरी लगेच सांगतो. मागच्या महिन्यात निवृत्त झालो. सत्काराला एकजण म्हणाले, सरांनी कधी कुणा पोरावर अन्याय केला नाही. टाळ्या वाजल्या. मी हात जोडून त्या घेतल्या. इतकी वर्षं मी हे पोटात घेऊन जेवत होतो, झोपत होतो?

अमळनेरजवळच्या एका गावात मी इंग्रजी शिकवायचो. माझं इंग्रजी, खरं सांगायचं तर, बेताचंच. पण दरारा मोठा. आणि एक हुकमी नियम — 'वॉज'च्या पुढे क्रियापदाचं तिसरं रूप दिसलं की डोळे मिटून कर्मणी प्रयोग. कर्ता शोधा, वाक्य उलटं करा, मार्क घ्या. कितीतरी पोरं त्यावर पास झाली.

सुवर्णा नववीत होती. फळ्यावर मी लिहिलं होतं — 'व्हेन आय केम, द विंडो वॉज ब्रोकन.' म्हटलं, करा याचं कर्तरी. ती उभी राहिली. म्हणाली, सर, इथं कुणी काही करतच नाहीये. मी आले तेव्हा खिडकी फुटलेली होती, एवढंच सांगितलंय. भिंत पांढरी होती म्हणतो ना, तसं. आमच्या वर्गाची खिडकीही फुटलेलीच होती. पोरं हसली — तिला नाही, मला. माझं डोकं फिरलं. तिला वर्गाबाहेर काढलं आणि बजावलं, चूक कबूल करशील तेव्हाच माझ्या तासाला बसायचं.

त्याच संध्याकाळी मी जाडजूड व्याकरण उघडलं. कशाला? तिचं तोंड बंद करायला दाखला हवा होता. दाखला मिळाला — तिच्या बाजूचा. अशा वाक्यात ते तिसरं रूप नुसतं विशेषण असतं, स्थिती सांगतं. ती म्हणाली होती तेच, जवळजवळ तिच्याच शब्दांत. मी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी ती व्हरांड्यात उभी होती. तिसऱ्या दिवशीही. उन्हात नाही हं, सावलीत — पाहा, अजून मी स्वतःला सवलत देतोय.

चौथ्या दिवशी तिचे वडील तिला घेऊन शिक्षकांच्या खोलीत आले, कापसाची वेचणी सोडून. हातात पिशवीभर भरताची वांगी. आमच्याकडे मास्तरांकडे कुणी रिकाम्या हातानं जात नाही, मन दुखावलेलं असलं तरी. सगळ्या शिक्षकांसमोर त्यांनी मला विचारलं, "सर, तुम्हीच सांगा. मनी पोर चुकनी का? चुकनी व्हई ते आत्ते तुमना पाय धरी."

त्यांनी विचारलं होतं, हो. खरोखर विचारलं होतं. एका शब्दाचं काम होतं आणि तो शब्द मला तीन दिवसांपासून ठाऊक होता.

"चुकली, नाना."

सुवर्णा माझ्याकडे बघत राहिली. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. पण तिला ते पटलं — माझ्या डोळ्यांदेखत पटलं! तोवर तीन दिवस ती एकटी स्वतःच्या बाजूनं उभी होती. मग ती वाकली, माझे पाय धरले, म्हणाली, माझंच चुकलं, सर. आणि मी काय केलं? तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. आज आठवलं की माझा मलाच धक्का बसतो. असा कोण माणूस होतो मी?

वांगी घरी नेली. बायकोनं भरीत केलं. कळण्याच्या भाकरीबरोबर मी दोनदा मागून घेतलं.

पुढच्या चाचणीत मी मुद्दाम तसलीच पाच वाक्यं घातली. ती पुन्हा भांडेल असं वाटलं होतं का? तिनं पाचही वाक्यं माझ्या नियमानं उलटी केली, सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड न करता. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.