मिश्री म्हणजे काही खाणं नव्हे

राहुरीजवळच्या एका शाळेत मी मुख्याध्यापिका आहे. मुलांना तंबाखूमुक्तीची शपथ मीच द्यायचे. आणि अठराव्या वर्षापासून रोज पहाटे न्हाणीचं दार लावून मिश्री लावायचे. जाळलेल्या तंबाखूची ती काळी पूड हिरड्यांवर फिरवल्याशिवाय पोट साफ होत नसे.

माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन पुण्याला रोबोटच्या मदतीनं ठरलं. आदल्या दिवशी भूल देणारी डॉक्टर आली, माझ्या मुलीच्या वयाची. छाती न उघडता बरगड्यांमधून हत्यारं आत जाणार. त्यासाठी एक फुप्फुस काही वेळ बंद ठेवून सगळा श्वास दुसऱ्यावर चालवायचा, असं तिनं नीट समजावलं. मग तंबाखूचं विचारलं. मी नाही म्हटलं. हे शेजारीच बसले होते. तिनं बॅटरी लावून तोंड तपासलं, हिरड्यांपाशी थांबली आणि पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं, जरा दरडावूनच. शाळेतली सवय.

रात्रीपासून काही खायचं नाही, असं बजावलं होतं. ते पाळलं. पहाटे मिश्री मात्र लावली. ते काही खाणं नव्हे. आम्ही बायका उपासालासुद्धा लावतो.

ऑपरेशनच्या टेबलाशी ती डॉक्टर मास्क घेऊन माझ्यावर वाकली तेव्हा तिला वास आला असावा. रागावली नाही.

"मॅडम, एका फुप्फुसावर तुम्हाला मलाच सांभाळायचंय. खरं सांगा."

"लावते. आजपण लावली."

सगळे हात धुऊन तयार उभे होते. पण तंबाखू अंगात असताना अशी भूल देणं धोक्याचं, म्हणून ऑपरेशन महिनाभर पुढं गेलं.

परतताना सुप्याला चहाला थांबलो. हे म्हणाले, "डबी पिठाच्या डब्यामागं असती. लई वर्सं म्हाईत हाय मला."

तेव्हाच का सांगितलं नाही, असं मी विचारलं.

"तू शाळेची हेडमास्तरीन. तू न्हाई म्हनल्यावर मी व्हय कसं म्हनू?"

माझी अब्रू राखायला हा माणूस माझ्या जिवावर बेतलं तरी गप्प बसला होता. आणि तसं वागायला त्याला मीच शिकवलं होतं.

डबी कालव्यात टाकली. महिन्यानं त्याच डॉक्टरला सगळं सांगितलं, किती वर्षं तेही. ऑपरेशन नीट झालं.

शाळेत मात्र तारीख का पुढं गेली विचारल्यावर मशीन बिघडलं, असं मी सांगितलं. ते खोटं अजून तसंच आहे. शपथेच्या दिवशी माईक दुसऱ्या बाईंकडे देते. घसा बसलाय म्हणते.