हर्षदा आणि एका फंक्शनची जागा

हर्षदा भोईर भांडायला बसायची. शब्दशः बसायची. मीटिंगमध्ये एखादी गोष्ट पटली नाही की ती टेबलाखाली चपला काढायची, दोन्ही पाय वर घ्यायची आणि खुर्चीवर मांडी घालायची. आमच्या पनवेलच्या ऑफिसातल्या चाकांच्या खुर्च्या काही मांडी घालायला केलेल्या नव्हत्या. पण घरच्या ओटीवर बसावं तशी ती त्यांवर ठाण मांडायची. मग आमच्यातलं कुणीतरी हळूच उठून चहा सांगून यायचं. मीटिंग आता लवकर संपत नाही, हे सगळ्यांना कळलेलं असायचं.

ती खारघरच्या कडेच्या ओवे गावची. इंजिनिअर झालेली, ग्राहकांशी बोलताना अगदी बातम्या सांगणाऱ्या बाईसारखं मराठी बोलणारी. वाद सुरू झाला मात्र, की तिच्या 'आहे'चं 'हाय' व्हायचं आणि 'नाही'चं 'नाय'. मी एकदा तिला त्याबद्दल विचारलं, तर म्हणाली, "तुमच्या भाषेत मी नोकरी करते गो. भांडण मना माज्याच भाषेत येतं."

आमची कंपनी छोटी. मासेमारीच्या बोटींवर बसवायचा एक डबा आम्ही बनवायचो. बोट कुठे आहे हे तो किनाऱ्यावर कळवत राहायचा आणि संकट आलं तर त्यावरचं लाल बटण दाबून मदत मागता यायची. हर्षदा त्या डब्याचा कर्नल लिहायची. कर्नल म्हणजे आतल्या सगळ्या प्रोग्रामांवर हुकूम चालवणारा मूळ कारभारी, डब्याचा गाभा. मी टेस्टर. तिने बांधलेलं मोडून बघायचं, हे माझं काम. त्यामुळे आमचं पहिलं वर्ष भांडणात गेलं आणि पुढची मैत्रीत. तसा फार फरक नव्हता त्या दोन्हींत.

ज्या भांडणासाठी ती मला कायमची लक्षात राहिली, ते एका लहानशा फंक्शनवरून, म्हणजे प्रोग्राममधल्या एकच काम करणाऱ्या तुकड्यावरून झालं. यंत्राला नावं कळत नाहीत, नुसते आकडे कळतात. प्रोग्रामचा कुठला तुकडा मेमरीत कुठे बसलाय त्याचा आकडा. डबा कोसळला, की मरता मरता आपण कुठल्या तुकड्यात होतो ते तो लिहून ठेवतो आणि स्वतःला पुन्हा चालू करतो. त्या वेळी आकड्यावरून नाव शोधून देणारं हे फंक्शन. ते ठेवायचं कुठे, एवढाच प्रश्न होता.

कंपनी ज्यांनी उभी केली, ते साठे सर म्हणत, ते वेगळ्या, लागेल तेव्हा जोडायच्या भागात असू दे. सरांचा हात या कामात आमच्या जन्माआधीपासून बसलेला. "गाभा जेवढा छोटा, तेवढा बरा. नावं शोधणं ही सोय आहे हर्षदा, गरज नाही."

हर्षदाने मांडी घातली. "सर, असे भाग जोडताना-काढताना नावांच्या यादीला कुलूप लागतं, मधेच दुसऱ्या कुणी हात लावू नये म्हणून. नाव शोधायला तेच कुलूप हातात यावं लागतं. कुलूप दुसऱ्याकडं असताना डबा कोसळला, तर हा दाराशी उभा ऱ्हाणार. कुलूप सोडणारा तर मेलेला. मग डबा उठणार कवा?"

"असं क्वचित होईल."

"समुद्रात क्वचितच बुडतात सर."

तिला ते फंक्शन गाभ्यात हवं होतं, कोसळल्यावर जो कोड चालतो त्याच्या अगदी शेजारी. कुणाचं कुलूप मागायचं नाही, नवी मेमरी मागायची नाही, जे लागेल ते आधीपासून हाताशी. "जागा चुकली की काम चुकतं," हे तिचं ठरलेलं वाक्य. डब्याची वायर कुठे जोडायची, मोर्चा कुठून काढायचा आणि सुकट कुठल्या बरणीत भरायची, सगळ्याला ती हेच लावायची. त्या दिवशी मात्र सर मालक होते. फंक्शन त्यांनी म्हटलं तिथे गेलं आणि डबे मोरा बंदरातल्या बोटींवर चढले.

एकदा जेवताना मी शहाणपणा करून तिला म्हटलं, "नवं शहर आलं, तुमच्या शेतांची नावं गेली आणि सेक्टरचे नंबर आले. म्हणूनच तुला आकड्यांमागच्या नावांचं एवढं असेल, नाही?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पोळीचा घास हातातच धरला. "कविता नको करूस. माज्या बापाची जमीन गेली, त्याचा राग माजा वेगळा हाय. इथं कुलूप चुकलंय. उगा एकाला दुसरं जोडू नको."

पावसाळा संपून बोटी खोल पाण्यात जाऊ लागल्या आणि मोऱ्याहून फोन आला. नामदेव नाखवे, म्हणजे तिथले एक बोटमालक, यांच्या बोटीचं इंजिन समुद्रात बंद पडलं होतं. वारा उलटा, बोट वाहू लागलेली. त्यांनी लाल बटण दाबलं. डब्यावरचा हिरवा दिवा चालूच होता, म्हणजे डबा जिवंत आहे असं समजून ते मदतीची वाट बघत राहिले. डब्याने मदत मागितलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी एका परक्या बोटीने त्यांना पाहिलं आणि दोर बांधून ओढत आणलं. तोवर प्यायचं पाणी संपलं होतं आणि नाखव्यांच्या पुतण्याचा हात मोडला होता.

डबा ऑफिसात आला. उघडला तर वायर जोडायच्या जागी मिठाचा पांढरा थर. सर म्हणाले, "पाणी गेलंय. सील नीट बसलं नसेल." हर्षदाने एक कोरा, कोरडा डबा घेतला, त्याची अँटेना काढली आणि मला म्हणाली, "तू मोडून दाखव."

सिग्नल गेला की डबा प्रोग्रामचा मोडेमचा भाग, म्हणजे किनाऱ्याशी बोलणारा भाग, काढून पुन्हा जोडून बघायचा. किनाऱ्याजवळ ही वेळ सहसा येत नसे, खोल समुद्रात सतत येई. आणि त्या काढाघालीत यादीला कुलूप लागलेलं असे. मी अँटेना लावत-काढत राहिले. जेवणाच्या सुट्टीआधी मोडेमचा भाग कोसळला. डबा नाव शोधायला गेला, कुलपापाशी थांबला, आणि थांबूनच राहिला. हिरवा दिवा लागलेला. लाल बटण दाबलं, काही नाही. टेबलावर एक थेंब पाणी नव्हतं.

साठे सरांनी तो डबा उचलून उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "मोडेमची चूक काढा. फंक्शन हलवायची गरज नाही."

"एक चूक काढाल, उद्या दुसरी येईल," हर्षदा म्हणाली. "पडणारा पडणारच सर. पडल्यावर उठता यायला पायजे."

"आणि मोऱ्याच्या लोकांना पाणी गेलं असंच सांगू. डबे बदलून देऊ. सॉफ्टवेअरचं नाव काढलं तर उद्या एकही नाखवा आपला डबा घेणार नाही."

ती उठली आणि आपल्या जागेवर गेली. मला वाटलं, हरली.

मोऱ्याच्या जेट्टीजवळ एका शेडमध्ये नाखवे जमले होते. सरांनी आम्हा दोघींनाही नेलं होतं. मागे जाळी सुकत होती, मासळीच्या टोपल्या घेऊन बायका येता-जाता थांबून ऐकत होत्या. सर शांतपणे बोलले. खारं पाणी, सील, नवे डबे. हात गळ्यात बांधलेला तो पुतण्या पुढेच बसला होता. नामदेव नाखवे म्हणाले, "म्हंजे आमीच नीट बसवला नाय, असं म्हनता?"

सरांनी उत्तर द्यायच्या आत हर्षदा उभी राहिली.

"पानी नाय गेलं, काका. डबा तुमी बरोबर बसवलाय. चूक आमची हाय. डबा कोसळला आनि उठलाच नाय. कोरड्या टेबलावर तसंच झालं, मी सोता बघितलंय."

सर हळू आवाजात म्हणाले, "हर्षदा, खाली बस."

"नाय बसनार. हा पोरगा मेला असता तर तेच्या आईला पन पानी गेलं म्हनून सांगितलं असतं का आपन?"

टोपलीवाल्या एका बाईने टोपली खाली ठेवली. नामदेव नाखव्यांनी तिला विचारलं, "तू कोन गावची?"

"ओव्याची."

"तुला नीट करता येल?"

"येल. पन मी सांगते तिथं ठेवू दिलं तर."

आम्ही गाडीने परत निघालो. पनवेलच्या पुलाखाली सिग्नलला गाडी थांबली तेव्हा सर पुढे बघतच म्हणाले, "उद्या राजीनामा दे."

"राजीनामा मी नाय देनार. तुमी काढा. आनि कारन काय ते लिवा."

माझ्या घरचे हप्ते चालू होते, आणि तिच्याही. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, काच खाली केली आणि बाहेर बघत बसली.

सरांनी तिला काढलं नाही. मोऱ्याहून निरोप आला होता, की नवे डबे घेऊ, पण ती ओव्याची पोरगी स्वतः येऊन बसवणार असेल तर. फंक्शन गाभ्यात आलं. हलवताना सरांनी तिचा कोड ओळ न् ओळ तपासला, आणि त्यांना एक चूक सापडली. कोसळलेल्या डब्यातला आकडाच भलता असेल तर हिचं फंक्शन त्याच्यामागे भलतीकडे गेलं असतं आणि डबा पुन्हा अडकला असता. मला वाटलं, आता पुन्हा मांडी. पण ती लगेच म्हणाली, "बरोबर हाय. हे माजं चुकलं," आणि तिथेच दुरुस्त केलं. खरं असलं की ती एका क्षणात मान्य करायची. खरं नसलं तर ब्रह्मदेवाचंही नाही.

त्यानंतर तिला बढती मिळाली नाही. सर तिच्याशी कामापुरतं बोलत. डबे मात्र खोल समुद्रात कोसळत आणि उठत. कुठे कोसळले त्याची नावं आम्हाला मिळत, आणि आम्ही एकेक चूक काढत गेलो. नामदेव नाखव्यांनी होळीला तिला बोलावलं, तर ही सगळ्यांदेखत त्यांना म्हणाली, "तुमचा डबा केबिनमधी चुकीच्या जागी लावलाय, काका." आणि सण सोडून तो हलवायला बसली.

गेल्या वर्षी तिने पुण्याची नोकरी घेतली. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "इथली सगळी मानसं भांडून झाली." निरोपाला केक आणला होता. साठे सर बोलायला उभे राहिले. ते छान बोलले, आणि शेवटी म्हणाले, "आमच्यात मतभेद झाले, पण त्या फंक्शनबाबत अखेर आमचं एकमत झालं."

हर्षदाच्या हातात सुरी होती. "सर, एकमत नव्हतं झालं," ती म्हणाली. "तुमी हरला होता."

सरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला.

"हो," ते म्हणाले. "हरलो होतो. आणि शेडमध्ये मी खोटं बोललो होतो."

हर्षदाच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. तिने केक कापला, भलामोठा तुकडा काढला आणि सगळ्यांच्या आधी सरांच्या हातावर ठेवला.