क्रमांक नसलेली नात

वॉल्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. हॉस्पिसच्या नर्सने हळू आवाजात सांगितलं, की दुपारी पावणेतीनला झोपेतच गेले, त्रास झाला नाही. मी तिचे आभार मानले, माझ्या नवऱ्याला, डेव्हिडला, फोन लावला आणि तो न्यूयॉर्कहून घरी येणाऱ्या ट्रेनमध्ये बसेपर्यंत त्याच्याशी बोलत राहिले. हे सगळं रीतीप्रमाणे झालं. पण फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आजपासून संध्याकाळचं वाचन सुटलं... या गोष्टीला आता सात आठवडे झाले. त्या विचाराची लाज वाटेल म्हणून मी वाट पाहतेय. अजून वाटलेली नाही.

वॉल्टर हार्कर माझे सासरे. आयुष्यभर मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांनी जमिनीची मोजणी केली, आणि सासूबाई गेल्यावर, डोळे अधू झाल्यावर आमच्याकडे, न्यूयॉर्कपासून ट्रेनच्या अंतरावर असलेल्या वेस्ट विंडसरला राहायला आले. सहा वर्षं राहिले. अंत्यविधीला चर्चमध्ये लोक त्यांच्याबद्दल जे बोलले त्यातलं काहीच खोटं नव्हतं. शब्दाचे पक्के, वेळेचे पक्के, कुणाचे मिंधे न होणारे. फक्त त्या बोलणाऱ्यांपैकी कुणी त्यांच्याबरोबर एका छपराखाली राहिलेलं नव्हतं. मला ते आवडत नसत. त्यांना मी आवडत नसे. एकमेकांबद्दल एवढी एकच गोष्ट आम्हा दोघांना नेमकी ठाऊक होती, आणि तिच्यावर आमचं बरं चाललं होतं.

माझं नाव संजीवनी. लग्न ठरलं तेव्हा "हे मला जमणार नाही" असं सांगून त्यांनी माझं सॅन्डी करून टाकलं. पुढे एकदा जेवताना मी म्हटलं, "ज्याला मॅसॅच्युसेट्स म्हणता येतं त्याला संजीवनीही म्हणता येईल." ते म्हणाले, "मॅसॅच्युसेट्स आमचं नाव आहे." मी म्हटलं, "तुमचं कसं? तुमच्या आधी तिथे जे लोक होते, त्यांचं आहे." त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. नागपूरहून आईचा फोन आला की ती विचारायची, सासऱ्यांशी जमतं ना गं? मी म्हणायची, हो, व्यवस्थित भांडतो आम्ही.

त्यांना एकच ध्यास होता. सतराव्या शतकात इंग्लंडहून जहाजाने येऊन मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर वसलेल्या नथॅनियल हार्करपासून स्वतःपर्यंत एक अखंड ओळ काढायची, प्रत्येक पिढीचा कागद जोडायचा आणि त्याचं पुस्तक छापायचं. आपल्याकडे कुलवृत्तांत असतो तसंच. माझ्या माहेरचाही आहे. माझ्या चुलतकाकांनी लिहिलेला. त्यात मुली लग्न झालं की अर्ध्या ओळीत संपतात, आणि माझ्या नावापुढे तर नुसतं 'अमेरिका' एवढंच छापलंय, जणू मी देशाशीच लग्न केलं. त्यामुळे ही जमात मला ओळखीची होती. वंशावळ काढणारा माणूस माणसं गोळा करतोय असं आपल्याला वाटतं. निम्मा वेळ तो वगळत असतो.

आमच्याकडे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी पुस्तकाचा कच्चा खर्डा जेवणाच्या टेबलावर मांडला. अशा पुस्तकांत प्रत्येक वंशजाला क्रमांक असतो. डेव्हिडला होता. त्याच्या थोरल्या भावाला, स्टीव्हनला होता, स्टीव्हनच्या दोन्ही मुलांना होता. आमच्या इराला नव्हता. डेव्हिडच्या नावाखाली बारीक अक्षरात एक तळटीप होती, की या दांपत्याने भारतातून एक मुलगी दत्तक घेतली आहे. तिचं नावही नव्हतं.

इरा चौदा महिन्यांची असताना आम्ही तिला नागपूरच्या एका संस्थेतून घरी आणलं. खर्डा मांडला त्या दिवशी ती आठ वर्षांची होती आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होमवर्क करत होती. ती सगळी नावं वाचत खालपर्यंत आली आणि म्हणाली, "ग्रॅन्डपा, यू फरगॉट मी."

ते म्हणाले, "विसरलो नाही, बाळा. हे पुस्तक रक्ताच्या नात्याचं आहे. तू घराची आहेस, पण हे वेगळं."

त्यांनी हे अगदी प्रेमाने सांगितलं. त्याचाच मला आजही संताप येतो. कारण ते तिच्याशी वाईट वागत नसत. डेव्हिड तिला पोहायला न्यायचा तेव्हा सोबत गाडीत बसत, तिचं गणित तोंडी घेत, तिला ताप आला तर माझ्याआधी उठून बसत. या सगळ्यात त्यांना तिच्या रक्ताची अडचण कधी आली नाही. अडचण फक्त कागदावर होती. डेव्हिड म्हणाला, "संजू, जाऊ दे यार, ही इज ओल्ड." मी जाऊ दिलं नाही, पण भांडूनही काही झालं नाही.

पुढच्या वर्षी त्यांना समोरचं अक्षर दिसेनासं झालं. डेव्हिड यायला साडेसात वाजायचे, मी पाचला घरी असायची. म्हणून रोज साडेपाचला लॅपटॉपवर जुन्या नोंदी उघडून त्यांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. गावसभेच्या वह्या, बाप्तिस्म्याच्या नोंदी, मृत्युपत्रं. मी हो का म्हटलं हे मला अनेकांनी विचारलंय. एक तर घरातला म्हातारा माणूस होता. दुसरं, मला वाटायचं, रोज शेजारी बसून वाचलं तर कधीतरी हा माणूस स्वतःहून म्हणेल, की इराचं नाव घाल... तसलं जुनं अक्षर लागायला हट्ट लागतो. तो माझ्यात आहे. दोन महिन्यांत मला ते लागायला लागलं आणि वॉल्टर कुरकुरत का होईना म्हणाले, "तुला बरं वाचता येतं."

आणि एका संध्याकाळी मी ते पान वाचलं. नथॅनियलच्या गावच्या सभेची नोंद होती. अ‍ॅन नावाची मोलकरीण मरण पावली होती. तिचा लहान मुलगा टोबायस उघड्यावर पडू नये म्हणून सभेने त्याला नथॅनियल हार्कर आणि त्याच्या बायकोच्या हवाली केलं होतं, कारण त्यांना स्वतःचं मूल नव्हतं आणि होण्याची आशाही नव्हती. यापुढे तो त्यांचाच समजावा, असं ठरलं होतं. टोबायस हार्कर म्हणजे वॉल्टरच्या ओळीतला क्रमांक दोन. पुढचे सगळे हार्कर त्याचे.

"परत वाच," ते म्हणाले. मी परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "बंद कर ते."

मी बंद केलं नाही. म्हटलं, "म्हणजे नथॅनियलचं रक्त तुमच्यापैकी कुणातच नाही. टोबायसला क्रमांक आहे ना? मग इरालाही द्या."

"हे तू कुणाला सांगणार नाहीस."

"नाही सांगणार. तुम्ही तिला क्रमांक द्या."

"सॅन्डी, तू सौदा करतेयस."

"हो, करतेय."

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मला वाटलं, जिंकले. मग त्यांनी शांतपणे सांगितलं, की त्यांच्या आईकडूनही एक घराणं त्याच काळापर्यंत मागे जातं, उद्यापासून ते वाचायला घेऊ.

मी डेव्हिडलाही काही बोलले नाही. शब्द दिला होता, जरी त्याच्या बदल्यात काही मिळालं नव्हतं. आणि पुढची चार वर्षं, रोज साडेपाचला, आम्ही त्यांच्या आईचं घराणं शोधत बसलो. मोलकरणीचा मुलगा नसलेला, कुणाच्या दयेवर न वाढलेला, थेट जहाजातून उतरलेला एक इंग्रज त्यांना हवा होता. माझ्या मुलीला एक आकडा देण्यापेक्षा दुसरा पूर्वज शोधणं त्यांना सोपं वाटलं. ते घराणं शेवटी एका चर्चपाशी थांबलं, जे त्यातल्या वह्यांसकट जळून गेलं होतं. तरी ते म्हणायचे, "पुढचं पान बघ." मी बघायची. त्या चार वर्षांतल्या प्रत्येक संध्याकाळी मी त्यांचा राग केला, आणि राग करत त्यांचा चहा ठेवला.

अंत्यविधीच्या दिवशी स्टीव्हनने भाषणात सांगितलं, की बाबांचं अपुरं पुस्तक आपण छापायचं. घरी आल्यावर मला म्हणाला, "फाइल्स तुझ्याकडेच आहेत ना? जशा आहेत तशा पाठव." महिन्याभराने एका रविवारी मी लॅपटॉप घेऊन बसले. खर्डा उघडला, तळटीप पुसली आणि डेव्हिडच्या नावाखाली इराचं पूर्ण नाव, जन्मस्थान नागपूर, आणि क्रमांक टाकला. मला अडवणारं कुणी उरलं नव्हतं. मग इराला हाक मारली. ती आता चौदाची आहे. तिला पान दाखवलं आणि टोबायसची सगळी हकीकत सांगितली. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मी त्या दिवशी मोडला.

तिने स्वतःच्या नावाकडे एकदा बघितलं. "आई, काढ ते."

"का?"

"आय डोन्ट वॉन्ट इट. तुला हवं होतं."

तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि सभेच्या नोंदीचं पान उघडायला लावलं. "त्या मुलाची मॉम. तिचं आडनाव काय?"

"नाही दिलेलं. नुसतं अ‍ॅन."

तिने ते वेडंवाकडं अक्षर मोठं करून पाहिलं. इरालाही तिच्या जन्मदात्रीचं नाव माहीत नाही. संस्थेच्या कागदावर ती जागा रिकामी आहे. मग ती म्हणाली, "ग्रॅन्डपाने मला एकदा विचारलं होतं. गाडीत मागच्या सीटवर, हळूच, स्विमिंगहून येताना. म्हणाला, तुझी आई कोण होती हे माहीत नाही, डझ इट बॉदर यू? मी म्हटलं, समटाइम्स. तर तो म्हणाला, मी टू. आय थॉट त्याला ग्रॅन्डमाची आठवण येतेय."

"कधी हे?"

"मी नऊ-दहाची असेन."

म्हणजे ते पान वाचल्यानंतर... लोकांना वाटेल, इथे माझं मन विरघळलं असेल. तसं झालं नाही. उलट जे मी इतकी वर्षं मागत होते ते या माणसाला पुरतं कळलेलं होतं, हे मला त्या दिवशी समजलं. आपल्यात आणि या मुलीत काय सारखं आहे हे त्यांना ठाऊक होतं. नऊ वर्षांच्या पोरीला गाडीत, मागच्या सीटवर, सांगण्याइतकं ठाऊक होतं. लिहिण्याइतकं मात्र नाही. ज्याला हे समजलंच नाही अशा माणसाला मला कदाचित माफ करता आलं असतं.

इराचं नाव मी पुसलं. तळटीप परत घातली नाही. सभेच्या नोंदीचं पान सगळ्यात वर ठेवून फाइल्स स्टीव्हनला पाठवल्या. तीन आठवडे झाले, त्याचं उत्तर नाही.

त्यांची खुर्ची अजून खिडकीशी तिरकी ठेवलेली आहे. त्यांना शेवटी फक्त डोळ्याच्या कडेने दिसायचं, म्हणून ते कुणाकडेच सरळ तोंड करून बसत नसत. परवा लॅबमधून आले तर इरा त्या खुर्चीत बसली होती. लॅपटॉपवर त्या काळातल्या एका जहाजाच्या प्रवाशांची यादी उघडी होती. "हे अक्षर लागत नाहीये," ती म्हणाली, "वाच ना." मी घड्याळाकडे पाहिलं नाही. पर्समधून चष्मा काढून लावला, तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि यादीतली पहिली अ‍ॅन शोधायला लागले.