चोवीस कोट आणि सलीमभाईंचं जास्तीचं कापड

शाळेच्या हॉलमध्ये चोवीस मुली आमचे लोकरी कोट घालून उभ्या होत्या आणि एकीचंही बटण लागत नव्हतं. शो परवावर आला होता. ड्रामा टीचर माझ्याकडे बघत होत्या. मी हातातल्या टेपकडे.

मी शारजातल्या एका कंपनीत प्रॉडक्शन इनचार्ज होतो. आम्ही युनिफॉर्म आणि पडदे शिवायचो. दुबईच्या या शाळेला डिसेंबरच्या शोसाठी व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं लंडन हवं होतं. बाहेर लोक टी-शर्टमध्ये, आत मुलींना बर्फातले कोट. स्कर्ट आम्ही पडद्यांच्या उरलेल्या मखमलीतून काढले. मागे चुण्यांचा फुगा घातला की तो काळ आपोआप उभा राहतो.

कोटासाठी टीचरनी एक जुना पॅटर्न दिला. तेव्हा तिकडच्या बायका घरीच शिवत आणि मासिकाबरोबर असे कागद येत. एकाच कागदावर कोट, टोपी, बाळाचा झगा, सगळ्यांच्या रेषा एकमेकींवरून गेलेल्या. त्यातून कोट मी हौसेनं स्वतः ट्रेस केला. कोपऱ्यात बारीक इंग्रजीत एक टीप होती, ती वाचली नाही.

कापायला सलीमभाई होते. मूळचे मिरजेचे, तिथं वीस वर्षं ब्लाउज शिवलेले. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला आम्ही माया म्हणतो. ब्लाउजवाला ती सढळ हातानं सोडतो, कारण बाई पुढच्या वर्षी ब्लाउज उसवून सैल करायला आणणार हे त्याला ठाऊक असतं. कंपनीच्या पॅटर्नमध्ये मात्र माया आधीच धरलेली असे, म्हणून नियम होता की रेघेवरच कापायचं. लोकर बाहेरून आलेली. मी टेबलाशी गेलो तर सलीमभाईंनी बगलेला आणि पाठीला रेघेबाहेर इंचभर कापड सोडलेलं. ते काहीतरी सांगायला लागले. मी फोनवर होतो. संध्याकाळी मी त्यांना मेमो दिला, कापड वाया घालवल्याबद्दल. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट पुढच्याच महिन्यात रिन्यू व्हायचं होतं.

आता हॉलमध्ये ती टीप वाचली. पॅटर्नमध्ये शिवणीसाठी जागा धरलेली नाही, ती आपली आपण सोडावी. मी रेघेच्या आत अर्धा इंच शिवायला सांगितलं होतं. तीन शिवणी, प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना अर्धा इंच, म्हणजे छातीत तीन इंच गेले. मूर्खपणा सरळ माझा होता.

अस्तर अजून लावलेलं नव्हतं, हे नशीब. फिटिंगला माझ्याबरोबर आलेल्या सलीमभाईंनी एका मुलीचा कोट काढून घेतला, उलटा केला आणि आतलं कापड बोटानं मोजून दाखवलं. मग म्हणाले, "उसवू का, साहेब?"

दीड दिवसात आम्ही चोवीस कोट उसवून पुन्हा शिवले. अशी मजा त्या वर्कशॉपमध्ये कधी आली नव्हती. पडदेवालेसुद्धा मशीनवर बसले. दर कोटाला कोणीतरी "खलास" म्हणून ओरडायचं. शोच्या दिवशी त्या मुली कागदी बर्फात गिरक्या घेत होत्या, मागचे मखमली फुगे डुलत होते, आणि सगळी बटणं लागलेली होती. टीचर रडल्या. आमच्या कंपनीचे मालक नायर साहेब खूश झाले. त्यांनी विचारलं, कापड कुठून आलं?

मी म्हणालो, "मी माया ठेवून घेतली होती, सर."

सलीमभाई शेजारीच उभे होते. पुढच्या महिन्यात साहेबांनी त्यांची फाइल उघडली, त्यात माझा मेमो होता. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, तुम्ही बघा. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही.

सलीमभाई दुबईच्या करामा भागातल्या एका लेडीज टेलरकडे लागले. आज ते दुकान त्यांचंच आहे आणि गणपतीच्या आधी मराठी बायकांची तिथं रांग लागते. मीही रिटायर होऊन करामातच मुलाकडे राहतो. इतकी वर्षं मी समोरच्या फुटपाथवरून चालत आलो.

आता बहात्तरावं लागलं. मागच्या आठवड्यात नायर साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "करंदीकर, उसी स्कूल को फिर से कोट चाहिए. यल्ला, चलो, सलीम का नंबर दो."

नंबर माझ्याकडे नव्हता. रस्ता ओलांडून दुकानात गेलो. गिऱ्हाइकांसमोरच सगळं कबूल केलं, कारण एकट्यात बोललो असतो तर पुन्हा काहीतरी गाळलं असतं. सलीमभाईंनी चहा मागवला.

"मला कागद बघूनच कळलं होतं, साहेब."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगत होतो. तुम्ही मेमो दिलात."

रांगेतल्या बायका हसल्या, मग ते हसले, मग मलाही आवरेना. ऑर्डर त्यांनी घेतली, एका अटीवर.

"कापीन मी. तुम्ही फक्त कोपऱ्यातली टीप मोठ्यानं वाचायची."

सोमवारपासून मी कामाला जातो. टीप आधी वाचावी, रेघ नंतर ओढावी, आणि कापणारा काही सांगत असेल तर फोन ठेवावा. एवढं शिकायला मला बहात्तर वर्षं लागली.